अश्रूंच्या आड

आमच्या घरातल्या ‘श्यामची आई’च्या प्रतीची मधली पाने फुगलेली होती. आजीने वाचताना गाळलेल्या आसवांची ती खूण, असे आम्हा मुलांना कौतुकाने सांगितले जाई. पुढे कळले, की एका पावसाळ्यात कपाटावरचे कौल गळत होते. पण तोवर साने गुरुजी आणि रडणे यांची आमच्या डोक्यात पक्की गाठ बसली होती. वर्गात कुणाचे डोळे भरून आले की बाकीची पोरे त्याला साने गुरुजी म्हणून चिडवत.

पुढे बँकेत लागलो. बँकेत माणसाला सही ओळखायला शिकवतात. नमुना सहीच्या कार्डावरचा एखादा फाटा चेकवर जरा वेगळा वळला की आमचा हात थबकतो. सुमारे दोन वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र माझा हात थबकला नाही. त्याची गोष्ट शेवटी सांगतो, कारण त्याच्यामुळेच मी गुरुजी पुन्हा वाचायला घेतले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणात, दापोली तालुक्यातल्या पालगडला झाला. घराणे एके काळचे खोताचे, पण पुढे गरिबी आलेली. शिक्षणासाठी औंध, मग पुणे अशी वणवण झाली. 1917 मध्ये आई गेली, तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ही रुखरुख त्यांना आयुष्यभर पुरली. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. सोळा वर्षे साठलेले असल्याखेरीज हात असा चालत नाही, असे मला एक लिहिणारा म्हणून वाटते.

पण मला अधिक विचारात पाडते ते अंमळनेर. 1924 ते 1930 ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या वळकट्या आवरून ठेवत, कपडे धुऊन टाकत, कंदिलाच्या काचा पुसत, असे त्यांचे विद्यार्थी म्हातारपणीही गहिवरून सांगत. लहानपणी हे वाचून मी भारावलो होतो. साठीत वाचताना वेगळाच प्रश्न पडला. गुरुजींची वळकटी कोण आवरत होते? सगळ्यांसाठी राबणारा आणि स्वतःसाठी कुणाला काही करू न देणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात, कचेरीत असतो. आपण त्याला देवमाणूस म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेणारे हात गुरुजींचेच. आज ‘गीता प्रवचने’ घरोघरी आहे ती त्या लेखणीमुळे. पुढे शेतकरी-कामगारांची कामे, 1942 चा भूमिगत काळ. मग 1947 च्या मे महिन्यात, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण. आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकमत जागवले होते. गांधीजींनी उपोषण सोडायला सुचवले, तरी ते ढळले नाहीत आणि दहाव्या दिवशी दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. या लढ्याला मनाच्या दुखण्याचे नाव देऊन कुणी लहान करू नये. दुःखी माणूस खंबीर नसतो, हा आपला गैरसमज आहे. त्या समजापायीच आपण फसतो.

जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. एका महाराष्ट्रीयाच्या हातून हे घडले, याचे प्रायश्चित्त त्यांनी स्वतःच्या देहाला दिले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ त्यातलीच. फुले, पाखरे, नद्या, तारे, परप्रांतांच्या भाषा, काय नाही त्यांत! ती वाचणाऱ्या कुठल्या घराला वाटले असेल, की हे लिहिणारा आतून थकत चालला आहे? माणूस दुसऱ्याला उमेद देतो, म्हणजे ती त्याच्याजवळ शिल्लक असलीच पाहिजे, असा हिशेब आपण धरतो. खात्यात काही नसतानाही चेक फाडणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. पण ते इतक्या प्रेमाने फाडलेले नव्हते.

11 जून 1950 रोजी मुंबईत गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. वय 50. त्याचे एकच कारण सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. स्वातंत्र्यानंतरची निराशा म्हणा, आईची ओढ म्हणा, सगळेच थोडे थोडे खरे असेल. इतक्या वर्षांनी मी निदान करणार नाही. एवढेच दिसते, की त्यांचे अश्रू सगळ्यांच्या इतके ओळखीचे होते, की ते कुणी मोजले नसावेत. भरल्या डोळ्यांचा माणूस म्हणजे हळवा, असे म्हटले की विचारपूस संपते.

आता शेजारच्या टेबलाविषयी. तो रडका नव्हता, उलट हसरा. कुणाचा ताळा जुळत नसला की रात्री आठपर्यंत थांबून जुळवून द्यायचा. एके दिवशी त्याची बायको शाखेत आली आणि बाजूला घेऊन मला विचारू लागली, की हे दुपारी डबा खातात का. मला सांगता येईना. चौकशी केली, तर कित्येक महिने तो डबा शिपायाला देत होता. स्वतः चहावर राही, रात्री झोप नव्हती, सुट्टीच्या दिवशीही शाखेत येऊन बसे. हे सारे मी पाहिले होते आणि त्याला कामसू म्हणून शाबासकी दिली होती. त्याच्या बायकोने त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्या काळी हे उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून रजेच्या अर्जावर कावीळ लिहिली.

चार महिन्यांनी तो परतला. त्या दिवसापासून मी माझा डबा उचलून त्याच्या टेबलावर जाऊ लागलो. आम्ही फारसे बोलत नसू. पहिल्या दिवशी त्याने अर्धी पोळी खाल्ली आणि उरलेली माझ्याकडे सरकवली. मी ती परत त्याच्या डब्यात ठेवली.