मलिक अंबर : शहर वसविणारा, पाणी आणणारा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात रोहिणखेड आणि साखरखेर्डा येथे खुदावंदखान महदवी यांनी बांधलेल्या जुन्या मशिदी आहेत. रोहिणखेडची मशीद १५८२ सालची. त्या वेळी वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत होते. ही निजामशाही पुढे मोडकळीस आली तेव्हा तिला एका हबशी पुरुषाने पंचवीस वर्षे सावरून धरले. तो पुरुष म्हणजे मलिक अंबर. त्यांचे सेनापतित्व आणि गनिमी कावा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे बांधकामाचे कर्तृत्व मात्र तितके परिचित नाही. विद्यार्थ्यांना त्याची ओळख व्हावी म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्यांचे मूळ नाव चापू. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले आणि हातोहात फिरत बगदादला पोहोचले. तेथे मीर कासिम या धन्याने त्यांना शिक्षण दिले आणि अंबर हे नावही दिले. आईबाप, देश आणि नाव सर्व काही गमावलेल्या या मुलाजवळ शिक्षण तेवढे उरले. पुढे अहमदनगरचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगेजखान स्वतःही एकेकाळी गुलामच होते. त्यांच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकले. चंगेजखानांच्या मृत्यूनंतर ते गुलामीतून मुक्त झाले. काही काळ त्यांनी विजापूरला चाकरी केली आणि नंतर ते पुन्हा निजामशाहीत आले.

अंबर बगदादला होते त्या काळी ते शहर उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होते. इस्लामी वास्तुकलेचा तो वैभवाचा काळ होता. इस्तंबूलमध्ये मिमार सिनान हे थोर स्थपती सुलेमानिया मशिदीसारख्या इमारती उभारीत होते. याच सिनान यांनी मोठमोठ्या कमानींवरून पाणी नेऊन इस्तंबूलची तहान भागविली. मशीद, मदरसा, हमाम आणि पाणी ही सर्व कामे एकाच नकाशात बसवावयाची, ही त्या परंपरेची रीत होती. तुर्कांबरोबर कमान, घुमट आणि चुन्याचे पक्के बांधकाम दिल्लीस रुजले आणि तेथून दौलताबादमार्गे दख्खनच्या काळ्या दगडात उतरले. मलिक अंबर या परंपरेचे वारसदार होत.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. तेव्हा मलिक अंबर यांनी परांड्यास दुसऱ्या मूर्तजा निजामशहास गादीवर बसविले आणि लढा चालू ठेवला. १६१० साली दौलताबादजवळच्या खडकी गावी त्यांनी नवे शहर वसविले. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ साली भडकल दरवाजा बांधला. त्याच साली जामा मशिदीच्या पाच कमानी उभ्या राहिल्या. आज त्या मशिदीस समोरून नऊ कमानी दिसतात. उरलेल्या चार औरंगजेबाने जोडल्या. ज्या मोगलांशी अंबर जन्मभर लढले, त्यांच्याच बादशहाने त्यांची मशीद न पाडता वाढविली.

१६१६ साली जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत मलिक अंबर यांचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी उद्ध्वस्त केली. तरी त्यांनी शहर पुन्हा उभे केले. त्यांची प्रसिद्ध नहर-ए-अंबरी याच सुमारास, १६१७ च्या आसपास पुरी झाली.

शहराच्या उत्तरेस डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपलेले पाणी एकत्र करून ते भुयारी नहरीतून शहरात आणले होते. मोट नाही, रहाट नाही, बैलही नाही. जमिनीला बेताचा उतार दिलेला आणि पाणी आपल्याच वजनाने वाहत येते. हा उतार जास्त झाला तर नहर खचते, कमी झाला तर गाळ साचतो. म्हणून मोजणी अचूक हवी. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा यासाठी ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवली होती. शहरात भाजलेल्या मातीच्या नळांतून पाणी हौजांपर्यंत जाई. दाब वाढून नळ फुटू नयेत म्हणून मध्ये दगडी मनोरे बांधले होते. वजूसाठी, पिण्यासाठी, घरकामासाठी हेच पाणी. ही विद्या मुळात इराणची. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या बुऱ्हाणपुरात खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अशीच भुयारी योजना झाली. खानखानान हे मलिक अंबर यांचे रणांगणावरील प्रतिस्पर्धी. दोघांच्या तलवारी एकमेकांविरुद्ध होत्या, पण रयतेला पाणी पाजण्याची विद्या एकच होती.

मलिक अंबर यांनी जमिनीची प्रतवारी करून सारा ठरविला आणि शेतकऱ्यांना दिलासा दिला. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा त्यांनी पराभव केला. १६२६ साली त्यांचे निधन झाले. खुलदाबाद येथे त्यांची कबर आहे. दहा वर्षांत निजामशाही संपली. खडकीचे नाव आधी फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. नहर मात्र राज्ये बदलली तरी पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहिली. पुढे वस्ती वाढत गेली, देखभाल सुटली आणि ती जागोजाग बुजली. तिचे अवशेष आजही दिसतात.

विद्यार्थी मित्रांनो, दरवाजा आणि घुमट सर्वांना दिसतात. नहर जमिनीखाली असते. तिच्यामागे गणित, मोजणी आणि कारागिरांची मेहनत असते. आपल्या मजहबात लोकांसाठी पाण्याची सोय करणे हे सदका-ए-जारिया मानले आहे, म्हणजे करणारा गेला तरी पुण्य चालू राहते. त्या नहरीतून किती पिढ्यांनी पाणी प्याले याचा हिशेब कोण करील?

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बगदादच्या त्या धन्याने एका परक्या, विकत घेतलेल्या मुलास शिकविले, त्याचे फळ हजारो मैलांवर एका सबंध शहरास मिळाले. आपली मुले तर आपलीच आहेत. मुलगा असो वा मुलगी, परिस्थिती बेताची आहे म्हणून त्यांना शाळेतून काढू नका. कोणत्या घरातून उद्याची नहर निघेल हे आज कोणालाच सांगता येत नाही.