जोसेफ प्लातो : फेसाची भूमिती मांडणारा दृष्टिहीन शास्त्रज्ञ

दाढीचा ओला ब्रश साबणावर फिरू लागला की काही क्षणांत उभा राहणारा पांढरा फेस वरवर पाहता निव्वळ विस्कळीत भासतो. त्यातील पाणी निथळत गेले, की बुडबुड्यांमधले पातळ पापुद्रे मात्र ठरावीक कोनांतच एकमेकांना भेटतात. फेसामागचे हे नियम बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी शोधून काढले, तेव्हा त्यांची दृष्टी पूर्णपणे गेलेली होती.

प्लातो यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८०१ रोजी ब्रसेल्स येथे झाला. वडील फुलांची चित्रे काढणारे चित्रकार होते. मुलानेही कुंचला हाती घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु मुलाचा ओढा विज्ञानाकडे होता. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघांचेही छत्र हरपले. पुढे लिएज येथे शिक्षण घेत असतानाच त्यांनी गणिताचे अध्यापन करून चरितार्थ चालवला. १८२९ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी सादर केलेला प्रबंध प्रकाशाने डोळ्यांवर उमटणाऱ्या ठशांविषयीचा होता.

याच अभ्यासातून १८३२ साली त्यांनी फिरत्या चकतीवरील चित्रे हलती भासवणारे फेनाकिस्टिस्कोप हे उपकरण तयार केले. व्हिएन्नात सायमन श्टाम्फर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसेच उपकरण बनवले होते. चलच्चित्राच्या इतिहासात त्याची नोंद आवर्जून होते. १८३५ मध्ये प्लातो गेंट विद्यापीठात रुजू झाले, १८४० मध्ये फॅनी क्लावारो यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १८४३ च्या सुमारास त्यांना कायमचे अंधत्व आले. १८२९ मध्ये एका प्रयोगासाठी ते सुमारे २५ सेकंद सूर्याकडे एकटक पाहत राहिले होते. अंधत्वाचे कारण तेच, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अलीकडच्या अभ्यासकांना मात्र डोळ्यांच्या जुनाट दाहाचा विकार अधिक संभवनीय वाटतो.

संशोधन मात्र थांबले नाही. अल्कोहोल आणि पाण्याच्या नेमक्या मिश्रणात तेल सोडले असता त्यावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जवळजवळ उरत नाही, हे हेरून त्यांनी द्रवाच्या पृष्ठताणाचा अभ्यास आरंभला. त्यानंतर ते साबणाच्या पापुद्र्यांकडे वळले. तारेच्या चौकटी साबणाच्या द्रावणात बुडवायच्या आणि त्यांवर ताणले जाणारे पडदे पाहायचे, अशी प्रयोगांची पद्धत होती. हात आणि डोळे सहकाऱ्यांचे, कुटुंबीयांचे. प्रश्न आणि तर्क प्लातो यांचे. मुलगा फेलिक्स आणि जावई गुस्ताव्ह व्हान डर मेन्सब्रुग यांचा या कामात मोठा वाटा होता. द्रावणात ग्लिसरीन मिसळल्याने पडदे कित्येक तास टिकू लागले आणि त्यांचे निरीक्षण शक्य झाले.

त्यातून नियम स्पष्ट झाले. एका कडेवर तीनच पडदे मिळतात, तेही परस्परांशी १२० अंशांचा कोन करून. आणि एका बिंदूत अशा चारच कडा मिळतात, त्यांच्यातील कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो. पडद्यांच्या या कडांतून अरुंद वाहिन्या तयार होतात. त्यांच्या वक्रतेमुळे तेथील दाब कमी असतो, म्हणून पडद्यांतील द्रव त्यांत ओढला जातो आणि खाली निथळतो. पडदे पातळ होतात, फुटतात आणि फेस बसतो. दाढीच्या क्रीममधील ग्लिसरीन द्रव दाट करून हे निथळणे मंदावते व पाणी धरून ठेवते. त्यामुळे केसांना पाणी शोषून मऊ होण्यास अवधी मिळतो आणि पाते त्वचेला न ओरबाडता फिरते.

पडदे टिकतात कशामुळे, यावर इटलीच्या कार्लो मारांगोनी यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. प्लातो यांचा भर पृष्ठभागाच्या चिकटपणावर होता, तर मारांगोनी यांचा पृष्ठताणातील फरकांवर. पुढील काळाने या मुद्द्यावर मारांगोनी यांच्या विचाराला अधिक महत्त्व दिले.

आयुष्यभराचे हे काम १८७३ साली दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. चाळीस वर्षे अंधारात काढून १५ सप्टेंबर १८८३ रोजी गेंट येथे प्लातो यांचे निधन झाले. फेसातील त्या वाहिन्यांना आज त्यांचेच नाव आहे. त्यांनी प्रयोगातून मांडलेल्या नियमांची गणिती सिद्धता अमेरिकन गणितज्ञ जीन टेलर यांनी १९७६ मध्ये, म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर तब्बल १०३ वर्षांनी दिली.