मनाला साक्षी ठेवणारे श्रीतुकोबाराय

योगशास्त्रात पाच यम सांगितले आहेत. त्यांत अहिंसेच्या मागोमाग सत्य येते. सत्य म्हणजे नुसते खोटे न बोलणे नव्हे. मनात तेच मुखी आणि मुखी तेच हातून घडणे, हे खरे सत्य. प्रपंचात राहून हा यम कसा पाळावा, ते श्रीतुकोबारायांच्या चरित्रात पाहावे.

तुकोबांचा जन्म देहूचा, साल १६०८ मानतात. वडील बोल्होबा, माता कनकाई. घरी वाणीपणा, महाजनकी, सावकारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून लहानपणीच दुकानाचा भार तुकोबांवर पडला. पुढे आईबाप गेले. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पैसा गेला, मान गेला, धंदा बसला. पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली.

असे घरात घडले म्हणजे माणूस झाकूनच ठेवतो. तुकोबांनी झाकले नाही. पुढे संतमंडळींनी विचारले तेव्हा, आपले आपण सांगणे बरे नव्हे असे वाटूनही, त्यांच्या शब्दाखातर अभंगातून सगळे सांगून टाकले. जात, धंदा, ओढवलेली नामुष्की, काही लपविले नाही. आरंभी एकादशीला कीर्तन करीत असू तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते, हेदेखील सांगितले. लोक पायां पडू लागल्यावर आपला कच्चेपणा बोलून दाखविणारे किती निघतील? खरेखोटे ठरविताना पुष्कळांचे मत न धरता आपल्या मनालाच साक्षीला ठेवले, असेही ते तिथेच सांगतात.

कर्जखतांची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यातले मर्म ध्यानी घ्यावे. परंपरा सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांनी कान्होबांच्या हाती दिला आणि फक्त आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. भावाच्या हक्काचे बुडवून आपण उदार म्हणवून घेणे, ही त्यागाच्या नावाखाली लबाडीच झाली असती. धन मातीमोल आहे हे मुखी आले, तेव्हा हातही तसाच चालला. पण चालला तो आपल्या वाट्यापुरताच.

१६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. ती बीज आपण दरसाल करतो. वारीच्या वाटेवर आपण एकमेकांना माउली म्हणतो, पाया पडतो. मग घरी परतल्यावर मापात काटछाट का व्हावी? भावाच्या वाटणीत कमीजास्त का व्हावे? गळ्यातली माळ आणि हातातला तराजू यांची साक्ष एक पडली, तरच तुकोबांचे नाव घेतल्याचे सार्थक.