डोळे दुसऱ्यांचे, नियम त्याचे

गेल्या वर्षी मी एका दृष्टिहीन विद्यार्थ्याचा लेखनिक होतो. त्याला पहिला वर्ग मिळाला तेव्हा कोणीतरी म्हणाले की, पेपर तर ह्यानेच लिहिला! त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे जोसेफ प्लातोचे चरित्र वाचनात आले. (तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटतो तो प्लेटो हा नव्हे!)

प्लातोचा जन्म १८०१ साली ब्रुसेल्सला झाला. वडील फुलांची चित्रे काढीत. मुलानेही चित्रकार व्हावे म्हणून त्यांनी त्याला कलाशाळेत घातले. पण चौदाव्या वर्षी तो पोरका झाला आणि पुढे विज्ञानाकडे वळला. १८३२ मध्ये त्याने फिरत्या चकतीवरची चित्रे हलती दिसावीत असे साधन तयार केले. सिनेमाचे ते एक पूर्वजच. १८३५ मध्ये तो गेंट विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८२९ मध्ये एका प्रयोगासाठी त्याने सुमारे २५ सेकंद सूर्याकडे टक लावून पाहिले होते. १८४३ च्या सुमारास दृष्टी गेली तेव्हा दोष त्या प्रयोगाला दिला गेला. आजचे जाणकार मात्र दुसऱ्याच नेत्रविकाराचा संशय घेतात.

काम थांबले नाही. तारेचे सांगाडे साबणाच्या पाण्यात बुडवायचे ते मुलाने, जावयाने, सहकाऱ्यांनी. दिसले ते त्यांनी सांगायचे. त्याचा अर्थ प्लातोने लावायचा. रेणू एकमेकांना ओढतात म्हणून साबणाचा पापुद्रा कमीत कमी जागा व्यापतो. तीन पापुद्रे एका कडेवर १२० अंशांनीच मिळतात. हे सारे १८७३ मध्ये दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये तो वारला.

हा विषय तेथेच संपला नाही. चिंचोळ्या नळीतून सरकणाऱ्या बुडबुड्याभोवती, काचेलगत, पाण्याचा असाच पापुद्रा राहतो. बुडबुडा जितका सावकाश सरकेल तितका तो पातळ. फारच पातळ झाला की तो टिकणार की फाटणार, हे रेणूंची ओढाताणच ठरवते.

आपण बुडबुड्याला क्षणभंगुर म्हणून सोडून देतो. प्लातोने त्यातला नियम शोधला. सांगाडे बुडवणारे हात दुसऱ्यांचे होते, पाहणारे डोळेही दुसऱ्यांचे. तरी ते नियम आज जगभर प्लातोचे म्हणूनच ओळखले जातात. माझ्या मित्राच्या उत्तरपत्रिकेत अक्षर तेवढे माझे होते.

— द्वितीय वर्ष, कला