मुलांच्या हाताला काम देणारे साने गुरुजी

साने गुरुजी हे नाव उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक 'श्यामची आई' आणि दुसरी गुरुजींचे पाणावलेले डोळे. पाठ्यपुस्तकांनी आणि आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाने ही प्रतिमा घरोघरी नेली, हे त्यांचे उपकारच आहेत. परंतु त्या अश्रूंच्या आड गुरुजींचा एक मोठा पैलू झाकला गेला, असे माझे नम्र मत आहे. मुलांना एकत्र आणावे, त्यांच्या हाताला काम द्यावे आणि त्या कामातून त्यांना माणूस म्हणून घडवावे, यासाठी आयुष्यभर खटपट करणारे ते शिक्षक होते. संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची ही बाजू पालक व शिक्षकबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात सारे वैभव गेलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. औंधला गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असे कळले म्हणून तेथे गेले, तर प्लेगमुळे तेथूनही परतावे लागले. १९१७ मध्ये आई गेली. १९१८ मध्ये पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले. पुढे बी. ए. व एम. ए. केले. उपाशीपोटी शिकणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक असते, तो शिक्षक वर्गात वेगळ्या नजरेने पाहतो. आपल्यातील अनेकांना हे सांगावे लागू नये.

१९२४ च्या जूनमध्ये गुरुजी खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तेथे ते उणीपुरी सहा वर्षे होते. पण महाराष्ट्राला 'गुरुजी' मिळाले ते याच सहा वर्षांत. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली मुले, घर सुटलेले, शिस्त नाही. खोल्यांत पसारा, कंदिलांच्या काचा काजळलेल्या, कपडे अस्ताव्यस्त. आपण असतो तर काय केले असते? नियमावली लावली असती, दंड ठेवला असता, पालकांना चिठ्ठ्या धाडल्या असत्या. गुरुजींनी यांतले काही केले नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडीत, काचा पुसून ठेवीत, कपडे घडी करून ठेवीत. आजारी मुलाची शुश्रूषाही तेच करीत. प्रथम मुलांना गंमत वाटली, मग लाज वाटली, आणि मग ती कामे मुले स्वतःच करू लागली. आज्ञा न देता काम वाटले गेले. ही युक्ती वाटते तेवढी सोपी नाही, कारण यात शिक्षकाला आधी स्वतः वाकावे लागते.

याच छात्रालयात त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. होय, दैनिक! सारी मुले झोपल्यावर किंवा ती उठण्यापूर्वी गुरुजी स्वहस्ते ते लिहीत आणि मुले उठतात तो फलकावर नवा अंक लागलेला असे. त्यात जगातील घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत आणि छात्रालयातील उणिवाही असत. सकाळी तोंड धुण्याआधी मुले फलकापुढे गर्दी करीत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले. या दैनिकाबद्दल मात्र माझे एक म्हणणे आहे. ते जवळजवळ सारे गुरुजींच्याच हातचे होते. मुले वाचक होती, लेखक क्वचितच. आज आपण शाळेत भित्तिपत्रक काढतो तेव्हा नेमकी हीच गोष्ट उलटी करावी लागते: लिहायचे मुलांनी, शिक्षकाने फक्त कागद व शाई पुरवायची. गुरुजींनाही पुढे हे उमगले असावे, कारण त्यांचे नंतरचे सारे काम मुलांच्याच हाती सोपवलेले दिसते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. त्रिचनापल्लीला दक्षिणेकडील राजबंद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९४१ च्या जूनमध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. एस. एम. जोशी हे पहिले दलप्रमुख. तो काळ ध्यानात घ्या. धर्माच्या नावाने मुलांच्या वेगवेगळ्या संघटना उभ्या राहत होत्या आणि मैदानेही वाटली जाऊ लागली होती. अशा वेळी हिंदू, मुसलमान, दलित, मुलगे, मुली सर्वांनी एकाच मैदानावर यावे असा हा विचार होता. संध्याकाळी शाखा भरे. खेळ, कवायत, लेझीम, गाणी आणि शेवटी थोडी चर्चा. शिबिरांत श्रमदान असे. पुढे कलापथक आले आणि गाणी व नाट्ये घेऊन मुले-मुली गावोगाव फिरली. गुरुजी या दलाचे स्फूर्तिस्थान झाले. ते गाणी रचून देत, गोष्टी सांगत, गावोगाव हिंडत. एकीवर व्याख्यान झोडण्यापेक्षा एका रांगेत उभे करून एका तालावर लेझीम खेळवणे अधिक परिणामकारक, हे त्यांनी जाणले होते. शेजारच्याचा हात चुकला तर आपलाही ताल जातो, हे मुलाला लेझीम हातात घेताच कळते.

याची कसोटी पंढरपूरला लागली. आपल्या दिघीवरून दरवर्षी आषाढी वारीच्या वेळी आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्याकडे जाते. आपली मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून ती पाहतात. ज्या पंढरपुराकडे ही वाट जाते, तेथील विठ्ठल मंदिराचे दार १९४७ पर्यंत अस्पृश्यांना बंद होते. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सेवा दलाची तरुण मुले गाणी व पोवाडे घेऊन बरोबर होती. मग १ मे १९४७ पासून गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सोडले. उपोषण एका माणसाने केले. पण त्यामागचे लोकमत गाणाऱ्या मुलांनी दारोदार जाऊन तयार केले होते. इतिहासाच्या पुस्तकांत या मुलांना एक ओळही मिळत नाही, याची खंत वाटते.

आपल्या समाजाने आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हा ग्रंथ लिहिला. त्यात हजरत पैगंबरांचे चरित्र त्यांनी मोठ्या आदराने मराठी वाचकांपुढे मांडले आहे. तो त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. शेजाऱ्याचा धर्म समजून घेतल्याशिवाय शेजार होत नाही, या भावनेने लिहिलेले हे पुस्तक आपल्या प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असावयास हवे.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात रुजलेले बीज पुढे 'आंतरभारती' या नावाने वर आले. निरनिराळ्या प्रांतांच्या मुलांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे ते स्वप्न. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात गुरुजींनी ते मांडले.

सुज्ञ वाचक विचारतील, हे सारे येथे कशाला? क्षमस्व, पण आपल्या वर्गांकडे एकदा पाहा. दिघी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांमुळे देशभरची माणसे या भागात वसली. एका बाकावर बीडचा मुलगा, त्याच्या शेजारी बिहारचा, मागे गुलबर्ग्याची मुलगी. घरी कोणी उर्दू बोलतो, कोणी भोजपुरी, कोणी कन्नड. गुरुजींना ज्या आंतरभारतीसाठी निधी जमवावा लागला, ती आपल्याकडे हजेरीपटावर आयती आहे. पण ती आपोआप घडत नाही. मुलांना स्वतः गट करायला सांगा, पाच मिनिटांत भाषेप्रमाणे गट पडतात. म्हणून तिसरी-चौथीच्या वर्गात मी चिठ्ठ्या टाकून सहा-सहा मुलांचे गट पाडतो आणि काम असे देतो की एकट्याने होऊच नये. बागेच्या वाफ्याचे मोजमाप करताना दोघांनी सुतळी धरायची, एकाने आकडा वाचायचा, एकाने लिहायचा, दोघांनी खुंट्या ठोकायच्या. ज्याला मराठी लिहिता येत नाही तो बहुधा मोजण्यात तरबेज निघतो, आणि मग इतर पाच जण त्याला 'मीटर' हा शब्द लिहायला शिकवतात.

काही पालक तक्रार करतात की मुलाला आम्ही शिकायला पाठवले, झाडू मारायला वा माती खणायला नव्हे. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या बापाला आपल्या मुलाच्या हाती माती नको वाटते, हे मी समजू शकतो. त्यांनी एकदा सहामाहीनंतर मुलाची वही पाहावी, एवढीच विनंती. एम. ए. झालेल्या शिक्षकाने कंदिलाच्या काचा पुसल्या, त्याने त्याच्या विद्वत्तेला बाध आला नाही.

गुरुजींचा शेवट दुःखद झाला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले होते. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची सुंदर पत्रे याच काळातली. त्यांत पाऊस आहे, फुले आहेत, थट्टा आहे. पण गांधीजींच्या हत्येने आणि देशातील द्वेषाने मन विदीर्ण झाले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय पन्नास. त्याविषयी निवाडा देण्याचा अधिकार मला नाही.

त्यांच्या मागे त्यांचे सहकारी प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. शिक्षकांनी मुलांना जमवायचे, एक गोष्ट सांगायची आणि मग मुलांनी गोष्टी सांगायच्या, एवढाच तिचा व्याप. तिला ना इमारत लागते ना देणगी. ती गावोगावच्या शाळांतून पसरली. आपल्या शाळेत शनिवारी सकाळची शेवटची तासिका मोकळी असते.