पंडिता रमाबाईंची इंग्लंडमधील तीन वर्षे

मंडळी, पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. केडगावचे मुक्ती मिशनही बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. पण त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली ती बरीचशी इथे, इंग्लंडमध्ये. आपल्या इथल्या मुलांना ही हकीकत जरूर सांगावी अशी आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आईकडून ते मुलीकडे आले. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. पुढे दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही गेले. तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे आग्रहाने मांडले. आपणच डॉक्टर व्हावे असे त्यांनी ठरवले आणि एप्रिल १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या बोटीने इंग्लंडला निघाल्या.

ऑक्सफर्डजवळच्या वॉन्टेज गावात सेंट मेरी मठाच्या सिस्टर्सकडे त्यांची सोय झाली. याच मठाच्या सिस्टर्स पुण्यातही काम करत असत. रमाबाईंनी सिस्टर्सना मराठी शिकवायचे आणि स्वतः इंग्रजी शिकायचे, असा व्यवहार ठरला. आधार आणि मिंधेपणा यांतला फरक त्या चांगला जाणून होत्या.

लंडनला फुलहॅम येथे मठाचे एक आश्रयगृह होते. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे सिस्टर्स मायेने काळजी घेत. हे रमाबाईंनी पूर्वी कुठे पाहिले नव्हते. अशा स्त्रियांविषयी एवढी कणव कोठून येते, याचा शोध घेताना त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा कळली. तिचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तो काळ सोपा नव्हता. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वॉन्टेज येथेच आत्महत्या केली होती. इकडे हा आघात, तर तिकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतराबद्दल संताप!

पुढचा धक्का वेगळाच होता. रमाबाईंना कमी ऐकू येत असे. त्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्य नाही हे स्पष्ट झाले. ज्यासाठी सात समुद्र ओलांडले तेच दार बंद झाले. तरी त्या परत फिरल्या नाहीत. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्यांनी संस्कृत शिकवले आणि गणित, विज्ञान, इंग्रजी यांचा अभ्यास केला. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांची मोकळी चर्चा होत असे.

खरा पेच मात्र नव्या धर्मबांधवांशीच पडला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की नाही, हे बिशप मंडळी ठरवू लागली. रमाबाईंना ते मुळीच मान्य झाले नाही. देवावर श्रद्धा ठेवली म्हणजे आपली बुद्धी दुसऱ्याच्या हवाली केली असे त्या मानत नव्हत्या. ज्यांनी आसरा दिला त्या सिस्टर्सशीही त्यांनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. त्या शाकाहारी होत्या, त्या शाकाहारीच राहिल्या. क्रॉसवरची अक्षरे लॅटिनऐवजी आपल्या संस्कृतात हवीत, असाही त्यांचा आग्रह होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे निधी उभा करून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढच्याच वर्षी सदन पुण्यात हलले. सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. पण रमाबाईंच्या खोलीत प्रार्थना होई आणि दार उघडे असे. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांची चिंताही समजण्यासारखी होती. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही आणि कामही सोडले नाही.

पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवांना केडगावला आणले. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास स्त्रिया आणि मुली होत्या. शेती, विणकाम, छापखाना सर्व काही तिथल्या स्त्रियाच चालवत. शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तेवढे दुःख पोटात घालून त्यांनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते.

त्यांचा धर्म कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण आपल्या मुलांना हव्या त्या शाखेत प्रवेश मिळाला नाही की आपण घरात सुतक पाळतो, तेव्हा रमाबाई आठवाव्यात. डॉक्टर होणे हे त्यांचे साधन होते. निराधार बायकांना उभे करणे हे ध्येय. साधन गेले तरी ध्येय त्यांनी सोडले नाही, आणि ते कसे गाठायचे हे दुसऱ्या कोणालाही ठरवू दिले नाही.

ऑक्सफर्डच्या बाजूला गेलात तर मुलांना वॉन्टेजला अवश्य न्या. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे. तो १८७७ पासून तिथे उभा आहे, म्हणजे रमाबाईंनीही तो पाहिला असणार. तिथे उभे राहून मुलांना ही गोष्ट सांगा.