बाळासाहेब खेर : मंदिराचे द्वार आणि मंदिराचा हिशेब

श्रींच्या चरणी अर्पण केलेल्या देणगीची पावती भाविक श्रद्धेने जपून ठेवतात. तीवर छापलेल्या सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांकाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा क्रमांक ज्या कायद्यामुळे आला, तो १९५० साली मुंबई राज्यात संमत झाला. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते बाळ गंगाधर तथा बाळासाहेब खेर.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे झाला. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल व मुंबईचे विल्सन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. कायद्याची पदवी घेतल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे त्यांनी वाचक म्हणून काम केले. न्यायमूर्तींची दृष्टी अधू असल्यामुळे खटल्यांचे कागद त्यांना वाचून दाखवावे लागत. तरुण वकिलास याहून चांगली शाळा क्वचितच लाभली असती. पुढे १९१८ साली सॉलिसिटर होऊन त्यांनी भागीदारीत पेढी चालविली व व्यवसायात नाव मिळविले.

स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस म्हणून ते राजकारणात आले. कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना १९३० व पुन्हा १९३२ साली कारावास घडला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांताचे नेतृत्व वीर नरीमन यांच्याकडे जाईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. परंतु विधिमंडळ पक्षाने खेरांची निवड केली. त्यावरून मोठा वाद माजला. जुलै १९३७ मध्ये खेरांनी पंतप्रधानपदाची सूत्रे हाती घेतली. प्रांताच्या मुख्यमंत्र्यास त्या काळी पंतप्रधान म्हणत. काँग्रेसच्या धोरणानुसार मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपये वेतन घेतले.

मंदिराचे द्वार सर्वांना खुले असावे की नाही, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालूनही द्वार उघडले नव्हते. खेर मंत्रिमंडळाने १९३८ साली यासंबंधी पहिला कायदा केला. तथापि तो वकिली सावधपणाने बेतलेला होता. विश्वस्तांना मंदिर खुले करावयाचे असल्यास त्यांच्या मार्गातील कायदेशीर अडचण त्याने दूर केली; विश्वस्तांची इच्छाच नसेल, तर द्वाराबाहेर उभ्या असलेल्या भक्ताच्या हाती त्याने काहीच दिले नाही. त्याच वर्षी झालेल्या औद्योगिक कलह कायद्यास कामगारांचा तीव्र विरोध झाला व ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. खेरांच्या कारभाराची ही बाजूही सांगितली पाहिजे. पुढील वर्षी, महायुद्ध सुरू झाल्यावर, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९४२ च्या आंदोलनातील कारावासानंतर १९४६ साली ते पुन्हा पंतप्रधान झाले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे श्रीविठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी तेथे प्राणांतिक उपोषण आरंभिले. ज्या पांडुरंगाच्या वारीत चोखोबांचे अभंग शतकानुशतके गायिले गेले, त्याच्या मंदिरात चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना प्रवेश नव्हता. दहा-अकरा दिवसांनी तडजोड होऊन उपोषण सुटले. त्याच वर्षी खेर सरकारने मंदिर प्रवेशाचा दुसरा कायदा केला. १९३८ च्या कायद्यातील उणीव यात राहिली नाही. प्रवेश हा आता विश्वस्तांच्या मर्जीचा विषय न राहता भक्ताचा हक्क ठरला व त्यास आडकाठी करणे हा गुन्हा झाला. नऊ वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या कारकिर्दीत झालेले हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे मधल्या काळात किती वाट चालून झाली होती ते ध्यानी येते.

स्थानिक कारभारातही याच सुमारास मोठा पालट झाला. १९४८ साली मुंबई महानगरपालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मतदानाने झाली. कुळकायदा, पुणे विद्यापीठाची स्थापना व दारूबंदी ही त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतील अन्य ठळक कामे होत.

द्वार खुले झाले, तरी आतील कारभाराचा प्रश्न उरला होता. देवाच्या जमिनी, दागिने व दानपेटी यांचा हिशेब कोणी कोणास द्यावा? १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने सर्व धर्मांच्या न्यासांना नोंदणी आवश्यक केली, धर्मादाय आयुक्तांचे पद निर्माण केले, हिशेब तपासणी बंधनकारक केली आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी आयुक्तांची परवानगी घेण्याचे बंधन घातले. या कायद्याची एक तरतूद प्रत्येक यात्रेकरूने जाणून घ्यावी अशी आहे. मंदिरात नित्य पूजेस येणारा अथवा येण्याचा अधिकार असणारा साधा भाविकही कायद्याच्या दृष्टीने त्या न्यासाशी हितसंबंध असलेली व्यक्ती होय. त्यासाठी मोठा देणगीदार असण्याची अट नाही.

या कायद्यास न्यायालयात आव्हान दिले गेले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे धर्मस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द केली. मुख्य भाग मात्र कायम राखला. त्या वेळी बाळासाहेब मुख्यमंत्री नव्हते. १९५२ साली पद सोडून ते भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले होते. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. पुढे ते राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले. ८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळातील न्यास कायद्याच्या नावात २०१२ साली मुंबईऐवजी महाराष्ट्र असा बदल करण्यात आला.